प्रवासलेखातली मी

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा प्रवासलेख पोचला. दोनदा वाचला, एकदा चष्म्याने आणि एकदा संशयाने. चिंगे, तू तिथे गेलीच नाहीस!

कसं कळलं म्हणशील. बाई गं, मी उभा जन्म प्रवासलेख लिहून पोट भरलं. आता गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून तुझ्या आईकडे बसून तुला शिकवते आहे, इतकंच. अख्ख्या लेखात तुला एकदाही कंटाळा आलेला नाही. बूट चावला नाही, लाँच चुकली नाही, कुणी खेकसलं नाही. सगळंच सुंदर फक्त न गेलेल्याला दिसतं. पर्यटनाच्या पुस्तिकेतले फोटो समोर ठेवून तू तळ्याकाठचं गाव घरबसल्या बेतलंस आणि वर एक खाणावळवाली नि एक लंगडा नावाडी जन्माला घातलास. समोर असतीस तर कानच पिळला असता.

पण एक कबूल करते. लेखातला ‘मी’ हेही पात्रच असतं, ते घडवावं लागतं, हे माझं म्हणणं तू भलतंच मनावर घेतलंस. ही तुझ्या लेखातली मुलगी नावाड्याबरोबर गाते, खाणावळवालीच्या गळ्यात पडते, परक्या म्हातारीचं अंथरूण घालून देते. आणि आमची चिंगी? सुट्टीत घरी आली की खोलीचं दार लावून घेते, आईला ‘हं’च्या पुढे उत्तर देत नाही. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, लेख वाचून दाखवला तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, पोरगी ओळखीची नाही, पण किती गोड आहे.

तर आता छापखान्यातल्या नोकरीतून रजा काढ आणि खरोखर जा. नियम जुनाच: फोन नाही, पत्र. फोनवर माणूस सारवासारव करतं.

रागावले तरी माया तीच आहे, तूही ठेव.
तुझी,
मावशी

ता. १९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आले बाई एकदाची. बूट चावला, लाँच चुकली, तिकीटवाला खेकसला. झालं तुझं समाधान?

आता मला सरळ सांग, तू इथल्या लोकांना आधी पत्र पाठवलं होतंस ना? कारण ही थट्टा असेल तर झकास जमली आहे. खाणावळीत शिरले तर मालकिणीने नाव-गाव न विचारता किल्ली हातात दिली आणि म्हणाली, विसरलीस वाटतं काही, लगेच परत आलीस. खोली मी लेखात लिहिली तशीच निघाली, खिडकीच्या तुटक्या कडीसकट. ती कडी फोटोत नव्हती, मावशी. ती मी मनाने घातली होती. फणीत केस होते, माझ्याच लांबीचे. उशीला खळगा होता.

नावाडी लंगडतो. मला बघून धक्क्यावरूनच हाक मारली आणि गाण्याचं पुढचं कडवं म्हणायला सांगितलं. कुठलं गाणं, असं विचारलं तर बिचाऱ्याचा चेहराच पडला. बेकरीच्या पायरीवर बसणाऱ्या म्हातारीने माझा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि सोडून दिला. लोक वाईट वागत नाहीत गं. फक्त माझ्याकडे असे बघतात की जणू मी आजारातून उठून आले आहे, आणि अजून बरी झालेली नाही.

तूच केलं असशील हे सगळं, तर लगेच कळव. मी हसेन, शप्पथ.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
चिंगी

ता. २५ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी कुणालाही पत्र पाठवलेलं नाही. माझं टपाल तुझ्यापुरतंच आहे, आणि तेही तू वेळेवर उत्तर देत नाहीस.

अगं, छोट्या गावात येणारी-जाणारी माणसं मोजकी. तुझ्या चणीची एखादी पोर येऊन गेली असेल, त्यांची गल्लत झाली. आणि कडीचं म्हणशील, तर जुन्या खोलीची कडी तुटकी असायचीच. भिऊ नकोस, कागद काढ. आपण नको आहोत असं जिथे वाटतं तिथलंच लिहावं. ते वाचक सोडत नाही. आणि ती कोण होती, काय करत होती, कुठे गेली, हे सगळ्यांना विचार. चौकश्या केल्याशिवाय लेख होत नसतो.

ताई बरी आहे. मोतीबिंदूने दिसायचं कमी झालंय, आता पेपर चाचपडते नुसता. तू कधी येणार विचारत होती. मी म्हटलं, येईल आणि दार लावून घेईल. ताई हसली नाही.

जपून राहा. आठवण काढतेस तशी काढत राहा.
तुझी,
मावशी

ता. ५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

विचारलं मी. विचारायला नको होतं.

मी आले त्याच सकाळी ती गेली. नावाड्याने स्वतः तिला पलीकडच्या काठावर सोडलं. बॅग घेऊन निघाली तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर होतं. कुठे चाललीस विचारलं तर हसून म्हणाली, आईकडे.

नवा लेख लिहिला, तू सांगितलास तसा, एकही गोष्ट पदरची न घालता. मालकिणीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, लिहिलंस बरं, पण हे आमचं गाव नाही. आमचं गाव तू आधी लिहिलंस ते. तो लेख मी इथे कुणालाही दाखवलेला नाही, मावशी.

काल न राहवून नियम मोडला. पोस्टातून घरी फोन लावला. पलीकडून कोण बोलतंय असं विचारलं ते माझ्या आवाजाने. आवाज माझाच, पण आनंदी. मागे आई हसत होती. मी फोन ठेवला, आणि पोस्टातल्या बाकावर बसून रडले.

मला घरी यायचंय. इथे सगळे तिच्याबद्दल इतक्या मायेने बोलतात की आपण आईला काय काय दिलं नाही ते मला इथे बसून कळलं. आल्यावर दार लावणार नाही, आईजवळ बसेन, तिला पेपर वाचून दाखवेन. पण नावाडी मला होडीत घेत नाही. लाँचवालाही तेच म्हणतो. दोघांचं एकच, तुला तर सोडलं, एकदा सोडलेल्या माणसाला परत कसं सोडणार?

आईला सांग, ती मी नाही. तुझं ऐकेल ती.

मला विसरू नका.
तुझी,
चिंगी

ता. ११ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र माझ्या हातात आणून दिलं ते तिनेच. पोस्टमनकडून घेतलं, पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि हसत म्हणाली, मावशी, तुझं पत्र आलंय.

मागचं पत्र पेटीत टाकलं त्याच संध्याकाळी ती आली. तू परत आलीस असं समजून मी पत्र लिहायची थांबले, मला क्षमा कर. सुट्टीत सुधारली पोरगी, असं म्हणून मीच हिचं कौतुक करत होते. ताईच्या केसांना तेल लावते. पेपर वाचून दाखवते, मध्येच थांबून ताईचं मतही विचारते. घर कसं भरल्यासारखं झालंय.

पत्र वाचल्यावर मी तिला सहज विचारलं, प्रवासात कंटाळा कुठे आला गं? म्हणाली, कुठेच नाही, सगळं सुंदर होतं. त्यानंतर लक्ष ठेवलं. ती जांभई देत नाही. कपडे चुरगळत नाहीत. लेखात नव्हतं ते काहीच तिला येत नाही. भात लावायला सांगितला तर हातात तांदूळ घेऊन नुसती गोड हसत उभी राहिली.

आज ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, चिंगीला मी स्वतः कळवते. चिंगे, तू हातपाय गाळू नकोस. तळ्याला वळसा घालून चालत ये, पण ये. मी स्टँडवर उभी असेन. हजार जणींत तुला ओळखेन मी.

वाट बघते.
तुझी,
मावशी

ता. १३ मार्च

चि. चिंगीस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला हल्ली लिहायला दिसत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि ही लिहून घेते आहे. अक्षर तुझंच वाटेल, दचकू नकोस.

मावशीला वाटलं, मला काही कळलेलं नाही. आईला कळत नाही होय? ही दारात आली, बॅग टाकली आणि माझ्या गळ्यात पडली, तेव्हाच मला कळलं की ही तू नव्हेस.

तुझ्यावर माझा राग नाही. तू आहेस तशी माझीच आहेस. पण ही माझं बोलणं संपेपर्यंत थांबते गं. जेवताना समोर बसते. मी खोकले तर उठून येते. दोघी राहाल का, असं मी हिला विचारून पाहिलं. म्हणाली, चिंगी आली की मला जावं लागेल. ही खोटं बोलत नाही.

दार लावणार नाही असं तू लिहिलंस, मावशीने वाचून दाखवलं. तुला आज तसं वाटतं हे खरं असेल. पण पोरी, माझं वय झालं. वाट बघून बघून मी दमले.

तर तू सध्या तिकडेच राहा. मावशी स्टँडवर निघाली होती; तिचे गुडघे बघून मी तिला जाऊ दिलं नाही. तुझे लोकरीचे कपडे वेगळ्या पार्सलने पाठवते आहे, हिला ते लागत नाहीत. पाण्याकाठी गारठा असतो, खिडकी लावून झोपत जा. खोकला झाला तर अंगावर काढू नकोस.

आणि पत्र पाठवत जा. ही छान वाचते.

तुझी,
आई