मागच्या फाटकाने

२ फेब्रुवारी

नवी लेन्स हातात आली. हिला झूम नाही. जवळचं हवं तर आपण जवळ जायचं, लांबचं हवं तर आपणच मागे सरायचं — पण कमी उजेडात हिच्यासारखी दुसरी नाही. घरगुती लग्नात फ्लॅश उडवला की बसलेली सगळी माणसं दचकतात. आता फ्लॅश कपाटात. दुकानदार म्हणाला, "मावशी, पायांना बरं काम लावून घेतलंत." म्हटलं, पायांचं मी बघते, तू काच नीट पुसून दे.

लग्नांना केक देणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, केकवालीला, खिडकीत बसवून दुपारभर फोटो काढले. सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत तिचं नाक लख्ख आणि डोळे धुक्यात. "एवढं नाक आहे का गं मला?" म्हणाली. नाक आहेच, पण चूक माझी. मी लेन्स सताड उघडी ठेवून काढत होते. थोडी मिटली तसे डोळेही जागेवर आले. लेन्स शिकायला मी मोबाइलवर व्हिडिओ बघते, त्यातला पोरगा हे एका दमात सांगून मोकळा झाला होता. मला कळायला अख्खी दुपार आणि केकवालीचं नाक लागलं.

३ फेब्रुवारी

आज नुसता सराव. रिकामी खुर्ची, खिडकी, ऊन. खुर्ची "झालं का?" विचारत नाही, हे तिचं बरं.

५ फेब्रुवारी

भाचीचा फोन. लग्न ठरलं. एप्रिलात.

"घरीच करतोय, आत्या. मागच्या अंगणात. सह्या, अंगठ्या आणि जेवण. पंचवीस माणसं, बस."

घरी म्हणजे धाकट्या भावाच्या घरी. माझ्या माहेरी. वहिनी घर सोडून निघाली तेव्हा मी तिला पोरीसकट माझ्याकडे ठेवून घेतलं. भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "आजपासून तू या घराची पायरी चढायची नाहीस." नाही चढले. पोर माझ्याकडे वाढली. तिच्या वेण्या मी घातल्या, गोवराच्या तापात उशाशी मी बसले. मोठी झाली तशी बापाकडे जाऊ-येऊ लागली. मी कधी आडवी आले नाही. बाप तो बापच.

"सगळं आखून तूच द्यायचं, आणि फोटोही तूच काढायचे. आम्हाला दुसरं कोणी नको."

फोन ठेवला आणि कपाट उघडून उभी राहिले. काय घालावं, हेच सुचेना. लग्न एप्रिलात, आणि मी आत्तापासून कपाटातले कपडे बाहेर काढून बसलेय.

११ फेब्रुवारी

अंगण बघायला जायची सोय नाही, म्हणून भाचीकडून फोटो मागवले. खरं तर मला ते अंगण डोळे मिटून पाठ आहे. संध्याकाळी भिंतीवरून ऊन उतरतं आणि थोडा वेळ सगळ्यांची तोंडं सोन्याची होतात. सह्या तेव्हाच घ्यायच्या. जेवण त्यानंतर. लोक आधी जेवण आणि मग सोहळा ठेवतात, आणि फोटोत सगळे पेंगुळलेले.

मागचं फाटक हिरवं रंगवलंय. आमच्या वेळी नुसतं गंजकं होतं. कुणी रंगवलं विचारलं तर म्हणाली, "बाबांनी, परवाच." लग्न आहे, रंगवणारच.

१८ फेब्रुवारी

भाची आली. आमची पद्धत म्हणजे ताट आणि बटणांचा डबा. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर ही कामं घ्यायला लागले, तेव्हापासून प्रत्येक लग्न मी आधी ताटात मांडून बघते. एक बटण म्हणजे एक खुर्ची. म्हाताऱ्यांना कोटाची मोठी बटणं, पोरांना शर्टाची. छोट्या लग्नात माझा नियम एकच — बटण नाही तो पाहुणा नाही. नाहीतर पंचविसाचे साठ कधी होतात, घरच्यांनाही कळत नाही. आणि दुसरं, कामाची माणसं पाहुण्यांत मिसळत नाहीत. मागच्या दाराने येतात, मागच्या दाराने जातात.

पोरीने बटणं मांडायला घेतली. नवऱ्याकडचे. तिच्या ऑफिसातल्या दोघी. वहिनी — पहिल्या रांगेत, शिंपल्याचं बटण. तिच्याशेजारी भाऊ, कोटाचं काळं. दोघांचं आता बरं चाललंय, फोनवर तब्येती विचारतात. तुटलं ते माझं आणि त्याचं. मधल्यामध्ये मी.

पंचवीस झाली. पोरीने डब्याचं झाकण लावलं.

मी वाट बघितली. मग म्हटलं, "आणि मी गं?"

हसली. "तू बसणार कधी, आत्या? तू तर कॅमेऱ्यामागे."

बरोबर आहे. बसणार कधी.

जाताना चपला घालता घालता म्हणाली, "सामान घेऊन मागच्या फाटकानेच ये हं. तिथून जवळ पडेल."

मी ताट उचललं. बटणं डब्यात ओतली. सगळी एकदम.

२० फेब्रुवारी

केकवालीला सांगितलं. ती पिठाच्या हातानेच ऐकत होती. "मग माझंही बटण नाहीच की," म्हणाली.

"तू केकवाली आहेस."

"आणि तू?"

हिच्या जिभेला हाड नाही. पण दिवसभर तेच डोक्यात. मी कोण? वेण्या घालणारी, की ट्रायपॉड घेऊन मागच्या फाटकाने येणारी?

जिच्यासाठी मी भावाच्या नजरेतून उतरले, ती पहिल्या रांगेत बसणार. आणि मी वाकून तिचा फोटो काढणार — वहिनी, जरा इकडे बघा.

२७ फेब्रुवारी

सराव बंद. लेन्स डब्यात.

४ मार्च

आज फोनवर विचारलंच. म्हटलं, "हे तुझ्या बापाने सांगितलं ना? मला कामाला बोलवायचं, हे?"

पलीकडे गप्प.

"खरं सांग."

"आत्या, तू ये फक्त. मला नाही सांगता येत."

माझा जन्म दुसऱ्यांचे फोन जोडण्यात गेला. कोण लाजून गप्प बसलंय, कोण रडून, कोण खोटं बोलायच्या आधी, हे मला तारेवरून कळायचं. हिचं गप्प बसणं मला कळलं. त्यानेच सांगितलंय. त्याला मला घरात घ्यायचंय ते असं — खांद्यावर ओझं देऊन, मागच्या फाटकाने, सगळ्यांच्या देखत. पायरी चढायची नाही म्हणाला होता ना? आता पायरी न चढवता अंगणात उभी करणार. शब्दाचा पक्का आहे माझा भाऊ.

म्हटलं, "मी येणार नाही. माणूस पाठवते."

"आत्या, असं नको करू."

"फोटो चांगले येतील. तुला फोटोच हवेत ना?"

फोन मी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ठेवला.

९ मार्च

माणूस म्हणजे पासपोर्टवाला. पलीकडच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ आहे. गडी सालस, हात स्थिर, पण जन्मभर पासपोर्टचेच फोटो काढलेत. त्याच्या फोटोत नवरा-नवरी लग्नाला नव्हे, विमानाला निघाल्यासारखी दिसतात. दोन्ही कान दिसले पाहिजेत, हा त्याचा देवच.

त्याला शिकवायला बसले. म्हटलं, "हनुवटी खाली, असं कुणाला म्हणायचं नाही. श्वास घेऊ द्यायचा. हसू ओठांवर येतं त्याच्या आधी डोळ्यांत येतं, तेव्हा बटण दाबायचं. हसून झाल्यावर नाही."

"ताई, डोळ्यांत आलंय हे मला कसं कळणार?"

"तुला बायको आहे ना?"

"आहे."

"मग तिला इतकी वर्षं काय पासपोर्टवर बघितलंस?"

हसला. त्याच्या कॅमेऱ्यात शटरचा आवाज बंद करता येतो, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. ते लावून दिलं.

३० मार्च

वहिनीचा फोन. "वन्सं, तुम्ही नाही म्हणालात म्हणे. पोर जेवत नाहीये." म्हटलं, लग्नाआधी मुली जेवत नाहीतच, बारीक दिसायचं असतं. ती म्हणाली, "तुम्ही अशा बोलणाऱ्या नव्हतात." नव्हते खरी. आयुष्यभर गोड बोलून मिळालं काय, तर ट्रायपॉड.

६ एप्रिल

पासपोर्टवाल्याला लेन्स देऊन टाकली. उसनी. देताना हात आखडला, पण पोरीचं तोंड त्याच्या जुन्या काचेतून चपटं यावं, हे काही बघवणार नाही. राग माझा, तोंड तिचं. सांगितलं, ऊन भिंतीवरून उतरलं की सह्या. एक क्षण पुढेमागे नाही. आणि बापलेकीचा एक तरी फोटो जवळून. जवळ जावं लागेल, ही लेन्स लांबून काही देत नाही.

१२ एप्रिल

आज.

सकाळी घर झाडलं. दुपारी परत झाडलं. केकवाली केक घेऊन गेली, जाताना खालून हाक मारली, "येतेस का? अजून वेळ आहे." मी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी ऊन माझ्याही भिंतीवर आलं. कॅमेरा घेतला आणि मोरीवरच्या बादलीचा फोटो काढला. जुन्या लेन्सने. चांगला आला.

१३ एप्रिल

केकवाली म्हणे केक छान झाला. मी आणखी काही विचारलं नाही. ती बोलायला बघत होती, मी गॅसकडे बघत बसले.

१७ एप्रिल

पासपोर्टवाला फोटो घेऊन आला. मोठ्या पडद्यावर लावून दोघं बघत बसलो. कबूल करायला हवं, गड्याने ऐकलंय. वहिनी हसताना पकडलीये. पोर सही करताना जीभ दातांत धरते, लहानपणी गणित करताना धरायची तशी — ते सुद्धा घेतलंय. मी जरा वेळ पाणी प्यायला आत गेले.

पण भाऊ! एकाही फोटोत समोर बघत नाही. सह्यांच्या वेळी मान उजवीकडे. जेवताना उजवीकडे. बापलेकीच्या त्या जवळच्या फोटोत पोर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी, आणि हा तिच्या केसांवरून पलीकडेच बघतोय. थकलाय. केस सगळे गेले. मी पाठवलेल्या माणसाकडेसुद्धा बघायचं नाही, इतका राग? पोरीच्या लग्नातही तोंड फिरवून उभा राहिला.

पासपोर्टवाल्यावर डाफरले. "बघणारा कुठं बघतोय, हे बघायला नको? हाक मारायचीस, साहेब, इकडे."

"मारली ना ताई. किती वेळा मारली. बघायचे, आणि पुन्हा तिकडेच. एकदा मलाच विचारलं, तुम्ही एकटेच आलात का? म्हटलं, हो, एकटाच."

मला हे काही धड वाटलं नाही. पण त्याला चहा दिला आणि लेन्स परत घेतली.

१९ एप्रिल

भाची आली होती. रागावली नव्हती, त्याचंच जास्त लागलं. पडद्यावर बापाचा फोटो तसाच होता. ती म्हणाली, उजवीकडे मागचं फाटक आहे, आत्या. सकाळपासून त्याची कडी काढून ठेवली होती. तुझं नाव बाबांनीच काढलं होतं. आणि मला शपथ घातली होती की हे तुला सांगायचं नाही. म्हणाले, जे बोलून बसलो त्यानंतर पाहुणी म्हणून बोलवायला मला तोंड नाही. कामाला बोलव. कामाला ताई नाही म्हणत नाही.