दोन वाजताची बोट

जुनो, १५ मे १९९७

चि. लविना हिला अ. उ. आ. (सहा वर्षांनी मोठी आहे म्हणून आशीर्वाद. मनात शिव्याच होत्या.)

तुझं पत्र पोचलं. पहिलं पान जहाजाच्या सहलीचं, दुसरं पान हिमनदी बघू की देवमासे याचं, आणि दुखण्याची गोष्ट सगळ्यात खाली दोन ओळींत कोंबलीस, जसं काही सामानात मीठ सांगायचं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाला, फार तर थंडीपर्यंत. हे असं लिहितात का गं?

मी गोदीवरच्या टपरीत बसून वाचलं. समोर एक टेक्ससचा बाप्या सहलीचं तिकीट हातात धरून विचारत होता, देवमासा नक्की दिसेल ना. मी म्हटलं, देवमासा माझा जावई नाही, बोलावला की हजर व्हायला. तो रागावून शेजारच्या टपरीवर गेला. जाऊ दे.

आता तू विचारलंच आहेस तर ऐक. हिमनदीही नको, देवमासेही नकोत. जहाज सकाळी लागेल, संध्याकाळी सुटेल. तेवढ्या वेळात घरी ये. आमोस बुडाला त्याला तीन वर्षं झाली. भाऊ सगळ्यांचा होता, त्याला जेवण पोचावं म्हणून सगळ्यांनी आगीत त्याचं ताट घातलं, तुझं तेवढं राहिलंय. आई म्हणते तो स्वप्नात येतो आणि लविनाने काय केलंय म्हणून विचारतो. मला विचारत नाही, माझा तळलेला पाव त्याला कधीच आवडला नाही.

लोभ किती शिल्लक आहे ते इथे येऊन मोजून जा.
तुझी व्हर्ना

ओमाहा, २३ मे

ति. व्हर्नाताईस, सा. न. वि. वि.

तू ओरडणार हे माहीत होतं. ओरडलीस म्हणून बरं वाटलं. इथे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

ताई, मी घरी येणार नाही. मला बघितलंस तर कळेल. अंगाचा रंग पिवळा पडलाय, डोक्याला टोपी, हार्लनचा स्वेटर अंगात दोनदा गुंडाळता येतो. आईच्या टीव्हीवर माझा हार्लनबरोबर लग्नातला केक कापतानाचा फोटो आहे ना, तो तसाच राहू दे. आमोसचं प्रेतसुद्धा मिळालं नाही, आई अजून प्रत्येक बोटीकडे बघते असं तूच लिहिलं होतंस. आता तिने माझ्याकडे तसं बघत बसायचं का? ते मी तिला देणार नाही. हार्लन म्हणतो मी चुकते आहे. असेन.

मला फक्त एकदा आपल्या पाण्याचा वास घ्यायचा आहे. म्हणून विचारते, हिमनदी की देवमासे? हार्लनने सहलींचे कागद आणलेत, तो हेलिकॉप्टर म्हणतो. तू रोज हेच विकतेस, तूच निवड. आणि आईला काही सांगू नकोस, माझी शपथ आहे.

लहान बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी लविना

जुनो, ३ जून

चि. लविनाला अ. आ.

शपथ घातलीस, आता काय करणार? पत्र ठेवून मी तीन तास सुके मासे कापत बसले. बोटही कापलं. ते असो.

हेलिकॉप्टर विसर. उडवून नेतात, बर्फावर मोठाले बूट घालून उभं करतात, फोटो काढतात आणि परत आणतात. तुझ्याने ते बूट उचलवणार नाहीत. बसची हिमनदी सोपी आहे, पण आपण बघितलेली ती हिमनदी राहिली नाही. आपण खेळायचो तेव्हा जिथे बर्फ होतं तिथे तळं झालंय, आणि बर्फ मागे मागे चाललंय, रुसल्यासारखं. तुला आत्ता ते बघायला मी पाठवणार नाही. हार्लनला जायचं तर सकाळी जाऊ दे. त्याला म्हणावं बर्फासमोर मोठ्याने हसायचं नाही, बर्फाला ऐकू येतं. तो हसेलच, मला माहीत आहे.

तू दोन वाजताची देवमाशांची बोट घे. मोठी आहे, काचा आहेत, संडास चांगला आहे. मुद्दाम दोनचीच सांगते. ती बंदरातून सुटली की आपल्या जुन्या किनाऱ्यावरून जाते, फार लांबून नाही. मी आईला तिथे घेऊन येईन. म्हणेन, आमोसला जेवू घालू. म्हणजे खोटंही नाही. आग पेटवू. तू उजव्या बाजूला उभी राहा. आई मला दिसेल का म्हणून पुन्हा पत्र लिहू नकोस. तिचा तो घोंगडीएवढा निळा कोट दुनियेला दिसतो.

तुला ती दिसेल, तिला तू दिसणार नाहीस. तुला हेच हवं होतं. मला नको होतं, पण मला कोण विचारतंय?

मायेचं विचारू नकोस, पातळ-घट्ट बघायला मला सवड नाही.
व्हर्ना

जहाजावरून, २६ जून

ति. व्हर्नाताईस, सा. न. वि. वि.

बघितली गं. आई बघितली.

बोट सुटली, मी उजवीकडे उभी राहिले. हार्लनने मागून धरलं होतं. किनारा आला, तुमची आग दिसली, निळा कोट दिसला. तू लाकडं घालत होतीस आणि बहुतेक आईला काही बोलत होतीस, हात नाचवत होतीस. तेवढ्यात डाव्या बाजूला देवमासा वर आला. सगळी बोट तिकडे धावली, हार्लनलासुद्धा मीच म्हटलं, जा, बघून ये, एवढ्या लांबून आलास. उजवीकडे मी एकटी उरले. देवमाशाचा श्वास मला पाठीमागून ऐकू आला. मी वळले नाही.

मग वारा फिरला आणि तुमचा धूर पाण्यावरून थेट माझ्यापर्यंत आला. सुका साल्मन, सीलचं तेल, जळलेला पाव, सगळं ओळखलं. गेले कित्येक दिवस मला अन्नाचा वास सोसत नाही, हा सोसला. पोट भरल्यासारखं वाटलं. आमोसच्या ताटातलं मलाही मिळालं, ताई.

हार्लन बर्फासमोर हसला नाही. नुसता उभा राहिला म्हणे.

मी काही बोलले-चालले असेन तर पोटात घाल, आणि मला आठवत राहा.
तुझी लविना

जुनो, ८ जुलै

चि. लविनाला पोटभर आशीर्वाद.

ते धुराचं पुन्हा कधी लिहायचं नाही. डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आगीतलं जेवण गेलेल्यांना पोचतं. तुला कशाला पोचेल? वारा होता, दुसरं काही नाही. मी ते वाक्य खोडून टाकलंय, नीट, दोनदा.

आता ऐक, मी तुझी शपथ मोडलेली नाही. एक अक्षर बोलले नाही. आम्ही आमोसचं ताट आगीत घातलं, नाव घेतलं. बोट आली तशी आईने मान वर केली, ती करतेच. मग देवमासा निघाला आणि सगळी माणसं पलीकडे पळाली. आई डोळे बारीक करून बघत राहिली. मला म्हणाली की एवढा मोठा देवमासा सोडून ती एक बाई आपल्याकडे काय बघते आहे? मी म्हटलं, असेल कोणी येडी, पैसे जास्त झालेली. आई मात्र बोट पार टोकाला वळेपर्यंत उभी राहिली. गुडघे दुखतात म्हणून रोज रडते, त्या दिवशी बस म्हटलं तरी बसली नाही.

नंतर ती बसली तेव्हा बघते तर तिच्या मांडीवर अजून एक ताट. साल्मन, पाव, वर निळ्या बोरांचा मुरंबा. मुरंबा कोणाला आवडतो ते तुला सांगायला नको. मी ते आगीत घालायला हात पुढे केला तर माझ्या हातावर मारलं गं, लहान पोराला मारतात तसं. म्हणाली की जिवंत माणसाचं ताट आगीत घालत नाहीत.

घरी आणून तिने ते डब्यात भरलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलंय. कोणाला हात लावू देत नाही. परवा माझ्या नवऱ्याने मटार काढताना डबा जरा सरकवला, तर तिने त्याचा बाप काढला. तुझं नाव घेत नाही, काही विचारत नाही. टीव्हीवरचा तुझा फोटो मात्र तिने काढून कपाटात ठेवलाय. म्हणते, आता नीट बघितलंय.

जहाज नको. विमानाने ये. हार्लनलाही आण, त्याच्यासाठी खाट लावली आहे. पिवळी ये, टोपी घालून ये, कशीही ये. मी माझं काम केलं, बोट निवडून दिली. पुढचं तू निवड, पण थंडीच्या आधी निवड.

डबा वाट बघतो आहे. आम्हीही.
तुझी ताई,
व्हर्ना