कान नसलेल्या पेशी

२ मार्च
‘पेशीवर ओरडून उपयोग नसतो गं, तिच्या कानातच सांगावं लागतं.’ कॉलेजात आमच्या बाई म्हणाल्या होत्या. मी तेव्हा मायक्रोस्कोपवर बुक्की मारली होती.

आज आठवलं, कारण बाईंच्या पुढे गेले. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनं रोवलेली असतात, तेच तिचे कान. बाहेरचा निरोप ते ऐकतात आणि आत पोचवतात: वाढ, थांब, मर. मला दिसलं ते असं, की निरोगी पेशींना ‘थांब’ ऐकणारा कान आहे आणि कर्करोगाच्या गाठीतल्या आजारी पेशींना तो नाहीच. म्हणून गाठ वाढत सुटते. इतकं सोपं, आणि कोणाला सुचलं नाही.

संकल्प: आजपासून आवाज चढवायचा नाही.

संध्याकाळी पातेल्याचं झाकण नवऱ्याच्या कपाळाला लागलं. फेकलं नव्हतं, हातातून सुटलं. सुटताना जरा वेगात होतं.

५ मार्च
प्रयोग पुन्हा केला. कान मोजायचे तर पेशी आधी डिशच्या तळापासून सोडवाव्या लागतात. निरोगी पेशी गुणी आहेत. सौम्य द्रावण घालून डिशला टिचकी मारली की तळापासून सुटून येतात. आजारी मेल्या हट्टी, चिकटून बसतात. त्यांना ट्रिप्सिनच लागतं. ते प्रथिनं कातरतं, म्हणजे पकड कातरतं. थोडाच वेळ ठेवा, असं डब्यावर लिहिलंय. मी भरपूर ठेवते. शिवाय डिश टेबलावर आपटते, मग पिपेटने खालीवर खालीवर, फेस येईपर्यंत. सुटतात मग. न सुटून सांगतात कोणाला.

निकाल तोच. कान शून्य.

जेवताना लेकीच्या कानात इयरफोन. हाका मारून घसा बसला, ओ नाही. उपटून काढले. थोडे केसही आले. ती ताट घेऊन खोलीत गेली. सोळाव्या वर्षी ऐकण्याची प्रथिनंच गळून पडत असावीत. पुढचा संशोधनाचा विषय.

९ मार्च
वन्संचा फोन. ‘पोरीला वर्षभर आमच्याकडे राहू दे, इकडे जरा शांत असतं,’ म्हणाल्या. म्हणजे आमच्याकडे नसतं? फोनची काच फुटली. स्वस्तातल्या काचा.

नवऱ्याने तोडगा काढला: आईचं लॅबमधलं प्रेझेंटेशन होईपर्यंत थांबू, मग आई शांत होईल. मी लगेच कबूल. लेक म्हणे, मागच्या वेळी पेपर छापून येईपर्यंत, असं ठरलं होतं. स्मरणशक्ती बापाची.

तिला शब्द दिलाय. ती जाणार नाही. मी लोण्यासारखी मऊ होणार आहे.

१६ मार्च, सकाळी
मन शांत. इस्त्रीची साडी. लिफ्ट येईना तेव्हा दाराला एकच लाथ.

१६ मार्च, संध्याकाळी
सगळं छान चाललं होतं. शेवटी शेजारच्या लॅबमधला दाढीवाला उठला. आवाज असा गोड, की अंगाचा तिळपापड व्हावा. त्याने एवढंच विचारलं, ‘मॅडम, आजारी पेशी डिशवरून सोडवल्या कशा?’

ट्रिप्सिन, म्हटलं. किती वेळ, म्हणाला. सुटेपर्यंत, म्हटलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग तो समजावू लागला, मला, की ट्रिप्सिन पकड कातरतं तसे बाहेर आलेले कानही छाटतं. निरोगी पेशींना ते लावलंच नाही, म्हणून त्यांचे राहिले.

पुढचं नीट आठवत नाही. खुर्ची होती. त्याचं नाक मध्ये आलं. दाढी लाल झाली. आमच्या लॅबचे सर म्हणाले, घरी जा, आणि बोलावल्याशिवाय येऊ नका.

मत्सर, दुसरं काय.

१७ मार्च
लेक खोलीत कडी लावून. बॅग भरत होती, आवाजावरून कळलं. बोलायचंच होतं, शांतपणे. शांतपणे बोलायला दार उघडं लागतं. हातोडी आणली.

फळी फुटली आणि ढलपी तिच्या भुवईवर बसली. मी मारलं नाही. मी दाराला मारत होते. तिने आरडाओरडा केला नाही, नुसती हाताने डोळा झाकून उभी राहिली, बोटांमधून रक्त. मी ओरडत होते की, दाखव, दाखव मला. ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली.

टाके पडले. दवाखान्यातूनच ती वन्संकडे गेली. नवरा बॅग घ्यायला आला, माझ्याकडे बघितलं नाही. दार सुताराला दाखवायला हवं. लाकूडच हलक्या प्रतीचं होतं.

२४ मार्च
दाढीवाल्याचा मेल. नाकावर पट्टी लावून त्याने माझ्याच आजारी पेशी घेतल्या, सौम्य द्रावणात ठेवून नुसती वाट बघितली. सुटल्या म्हणे, आपापल्या वेळाने. कान आहेत. भरपूर आहेत. त्यांना आधीपासून ऐकू येत होतं.

खाली लिहिलंय, कान छाटलेल्या पेशीही वाया जात नाहीत. पेशी जिवंत असेल तर उबेत ठेवायची, हात लावायचा नाही, तिला नवे कान फुटतात.

किती वेळ, असं विचारलं. पेशीवर अवलंबून, म्हणाला.

उत्तर टाइप करताना कीबोर्ड उचलला होता. खाली ठेवला. एक बटण निघालंच.

३० मार्च
घरात आवाज नाही. मी केला तरच होतो.

लेकीला मेसेज केला. पहिला लांब होता, त्यात दाराचं हलकं लाकूड आणि वन्संचं कारस्थान होतं. पुसला. दुसऱ्यात ‘पण’ फार होते. तोही पुसला. शेवटी जो गेला तो असा:

‘रविवारी येऊ का? आत नाही येणार. आत्याच्या जिन्यात बसेन. दार तू लावूनच ठेव. मी बोलणार नाही.’

नाहीच म्हणेल. म्हणू दे. येऊ का?