सत्यमच्या गाडीचा मॅनिफोल्ड

मी, हौशीराम गोरख येवले, वय एकसष्ट, धंदा इंजिनकाम, राहणार मळवली, ता. मावळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाचाही दाब नसताना लिहून ठेवतो. कॅन्सर फुप्फुसात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याची अंमलबजावणी माझी मुलगी चैताली हिने करावी.

१. राहते घर, मागची भातखाचरे आणि बँकेतील ठेव माझी पत्नी रतन हिला. ती हयात असेपर्यंत तिच्यापुढे कोणीही सहीसाठी कागद धरायचा नाही. तिच्यानंतर चैताली आणि गौरव यांनी निम्मे निम्मे घ्यावे.

२. गॅरेज, लेथ आणि सगळी हत्यारे धाकटा मुलगा गौरव याला. पोरगा कामाला वाघ आहे, फक्त ऐकत नाही.

३. गॅरेजच्या लोखंडी कपाटात गोणपाटात गुंडाळलेला इनटेक मॅनिफोल्ड मात्र गौरवला द्यायचा नाही. वकील म्हणाले, वस्तूचे वर्णन करा. इंजिनाच्या चार सिलिंडरांना हवा वाटून देणारा हा ॲल्युमिनियमचा चार नळ्यांचा भाग, माझा थोरला मुलगा सत्यम याच्या टर्बो गाडीचा. टर्बो हवा दाबून भरतो, तेव्हा आतली खडबड आणि सांध्यावरची पायरी तिला आडवी येते. ती मी ग्राइंडरने काढली. पार आरसा करायचा नसतो, बोटाला किंचित खर लागली पाहिजे. सत्यम प्रत्येक नळीत करंगळी फिरवायचा आणि म्हणायचा, "आबा, हितं अजून लागतंय." इतके चांगले काम माझ्या हातून परत झाले नाही.

राजेंद्र या बंगलेवाल्याने पाहुण्यांची करमणूक म्हणून दुधिवरे खिंडीत शर्यत लावली. सत्यमची गाडी दरीत गेली. मॅनिफोल्डला ओरखडासुद्धा नव्हता. त्याचा मला आजही राग येतो.

४. सत्यमच्या दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हणालो, चैतालीला शिकवू म्हणालो. तरी शिवेना. तेवढ्यात राजेंद्र माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "भाऊ, मॅनिफोल्ड द्यायचा झाला तर मला सांगा." या माणसाला माझ्या तिरडीला हात लावू देऊ नये. शेवटी गौरव हात जोडून पिंडासमोर म्हणाला, "दादा, तुजी गाडी व्हती तशी उभी करतो, आन् खिंडीतनं नेतो." लगेच कावळा शिवला. लोक म्हणाले, सत्यम सुटला. गौरव अडकला, ते कोणी बघितले नाही. त्याने गाडी उभी केली आहे. बाजारातला मॅनिफोल्ड त्याला चालत नाही. होती तशी म्हणजे हाच पाहिजे, आणि तो बसला की पोरगा खिंडीत जाणार.

५. सुतकात आमच्याकडे हत्यार उचलत नाहीत. म्हणून माझे तेरावे झाल्यावर चैतालीने साक्षीदारांसमोर मॅनिफोल्डचे तुकडे करून भंगारात द्यावेत. तोवर कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात राहील. "आबा, तुमीच का कापत न्हाई?" असे ती विचारते. पहिल्या नळीवर करवतीची खूण दिसेल. तिथपर्यंत हात चालला. आत सत्यमचे बोट फिरलेले आहे गं, माझ्याने होत नाही.

६. गौरवने दहाव्याला दिलेला शब्द मी त्याच्याकडून काढून माझ्या नावावर करून घेतो. सत्यम भेटलाच तर त्याला काय सांगायचे ते मी सांगेन. गौरव, तू मोकळा आहेस. कावळा भुकेला होता, बाळा.

७. माझ्या दहाव्यालाही कावळा लवकर शिवणार नाही. लोक एकेक कबूल करत जातील. मग कोणीतरी म्हणेल, "गौरवला मॅनिफोल्ड देतो म्हणा, बगा कसा शिवतो." तसे कोणीही म्हणू नये, रतननेसुद्धा. दुपारपर्यंत वाट पाहावी, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा आणि सगळ्यांनी घरी यावे. मी अडकून राहिलो तरी चालेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

(सही) हौशीराम गोरख येवले

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. निलेश महिपती केदारी, मळवली (सही)
२. माधवी अमृत ठाकर, पवनानगर (सही)

ठिकाण: मळवली
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५