बागेतल्या दगडाचा शेंदूर

रविवार, संध्याकाळ

बोईसरच्या बागेतली जुनी झाडं वाचावीत म्हणून तिथल्या एका दगडाला आम्हीच शेंदूर फासला होता. देव दिसला की कुऱ्हाड थांबेल, एवढंच डोक्यात. थांबलीही. मग लोक पाया पडायला येऊ लागले, आणि आज त्यांनी देवावर पत्र्याची शेड घालायला तीन झाडं पाडली.

आमच्यासोबत झाडांच्या पहाऱ्याला बसणारी उमरोळीची भानूमावशी एवढंच म्हणाली, "देवाला झाडाची सावली पुरत नाय काय?"

मला राग आला नाही. का? यायला हवा होता ना? शेंदूर आमचाच, हे आता सांगणार कुणाला?

करवत लावण्याआधी त्यांनी दगडापुढे नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्याही हातावर ठेवला. मी चप्पल काढली, तो कपाळाला लावला आणि खाल्ला.