सर्व्हिस कुठं?

७ नोव्हें.
बाबांले सांगून टाकलं एकदाचं. विलास. राळेगावकडच्या बंजारा तांड्यातला. कॉलेजात माझ्याच वर्गात होता, आता घरची कपाशी करते. बाबांनी पेपर खालीसुद्धा ठेवला नाही. "सर्व्हिस कुठं?"
प्रत्येक स्थळाले हेच. नाव नंतर, सर्व्हिस आधी. रविवारी घेऊन ये म्हणाले.

८ नोव्हें.
शिकवण्यात लक्ष नव्हतं. मधल्या सुटीत शाळेतली जाडी डिक्शनरी काढली. सर्व्हिस : मूळ लॅटिन, गुलाम या शब्दावरून. वा रे वा! मग चाकरी, देवाची प्रार्थना, गाडीची देखभाल, टेनिसमधला पहिला फटका. आमच्या यवतमाळात एकच : एक तारखेचा पगार. मी स्वतः सर्व्हिसले आहे, ते कोणी धरतच नाही.
आई म्हणे, "सर्व्हिस असती तर तांडाही चालला असता त्याईले." खरं बोलली. म्हणून जास्त लागलं.

१० नोव्हें.
वि.ले फोन. म्हटलं, सांग ना, जिनिंग मिलमध्ये सुपरवायझर हाय म्हणून. तो म्हणे, "यंदा अर्ध्या बोंडात अळी हाय, तेही सांगीन. पन खोटं नाई बोलनार."
मोठा हरिश्चंद्र लागून गेला! फोन आपटला. मग रडत बसली.

१२ नोव्हें., रवि.
आला. बाबांचं तेच. वि. : "सर्व्हिस नाई. शेती."
"कपाशीत काही राह्यलं नाही आता."
"यंदा तं काहीच नाई राह्यलं, काका."
चहा संपला. बाबा म्हणाले, "या बरं." झालं.
तो गेल्यावर माझं डोकंच फिरलं. "बाबा, सर्व्हिस म्हणजे गुलामी! डिक्शनरीत लिहिलं आहे."
ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "मले सांगते? उभा जन्म साहेबापुढं 'हो सर, हो सर' केलं. त्याच गुलामीवर तू इंग्रजी शिकली."
लाज वाटली. रागही गेला नाही.

१३ नोव्हें.
घरात अबोला. आई मधल्यामधी भरडली जाऊन राह्यली.

१४ नोव्हें.
बाबा सकाळीच निघून गेले. आईले फक्त "येतो" म्हणे. शेजारचे काका सांगून गेले, राळेगावच्या एस.टी.त बसताना दिसले. तिथं जाऊन त्या लोकांचा अपमान केला तर...
दुपारी वि.चा फोन, दबक्या आवाजात. "तुये बाबा आमच्या वावरात हायेत. धुऱ्याच्या बांधावर बसले. मायले विचारून राह्यले."
"काय? सर्व्हिस?"
"नाई. अळी कापसाच्या कितव्या वेच्याले दिसली म्हून."
इतकी स्थळं झाली, बाबांनी दुसरा प्रश्न कधी विचारला नव्हता.
"मग? माय काय म्हणे?"
"सांगून राह्यली. ते आयकून राह्यले." फोन कटला. परत लागत नाही.
संध्याकाळची शेवटची एस.टी. येऊन गेली. बाबा त्यात नव्हते. आई दारातच उभी आहे.