देसांकाचे पाय बांधण्याचा बेत

१२ डिसेंबर, मंगळवार
आमच्या दुन्याला जानेवारीत बाळ होणार. देसांका म्हणाली, "मी चाळीस दिवस नोवी सादला लेकीकडे राहणार." विचारलं नाही, सांगितलं. मी शांतपणे 'बरं' म्हटलं. माझी काहीच हरकत नाही. उलट चाळीस दिवस टीव्हीचा रिमोट माझ्या हातात. काळजी वाटते ती तिची. लग्नाच्या एकतीस वर्षांत माझ्याशिवाय राहिलेली नाही बिचारी. झेपायचं नाही तिला. तिच्याच भल्यासाठी थांबवायला हवं. पण 'जाऊ नकोस' असं तोंडाने म्हणायचं नाही. शोभत नाही.

संध्या. ६. तोडगा सापडला! २४ तारखेला मातेरित्से, आयांचा रविवार. नियम सरळ आहे. पोरं गुपचूप आईचे पाय बांधतात, आणि आई मागतील ते देऊन सुटका करून घेते. आता घरात पोर नाही, तर नवऱ्याने का बांधू नयेत? मी मागणार: नोवी साद रद्द.

१७ डिसेंबर, रविवार
आज पोरांचा रविवार. आज मोठ्यांनी पोरांना बांधायचं. आमच्याकडे पोर नाही, म्हणून खुर्चीवर सराव केला. नौदलात पंधरा महिने काढलेत, गाठी रक्तात आहेत. अप्रतिम बसली. इतकी, की सुटेना. देसांकाने कात्रीने कापली. पडद्याची दोरी होती म्हणे. मी म्हटलं, खुर्ची डुगडुगत होती, दुरुस्त करत होतो. ती म्हणाली, "आणि सुटकेसाठी खुर्चीने काय दिलं?"
तिला संशय आलेला नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार
शेजारी ग्वोझदेनकडे त्यांच्या कुलसंताचा, संत निकोलाचा सण. मासा (नाताळाआधीच्या उपासाला तो चालतो), भट्टीतले घेवडे, राकिया. राकिया बेताने घेतली. चौथ्या पेल्यानंतर सगळ्यांसमोर जाहीर केलं की रविवारी बायकोला बांधणार. ग्वोझदेन म्हणाला, "देसांकाला? अरे, ती तुलाच बांधून बाल्कनीत वाळत घालेल!" लोक उगाच हसले. देसांका स्वयंपाकघरात बायकांत होती, तिला काही ऐकू गेलं नसणार.
परत येताना तिने विचारलं, "रविवारी जाड मोजे घालू की पातळ?" थंडी फार आहे यंदा.

२१ डिसेंबर, गुरुवार
टेबलाखाली चपळाईने शिरता आलं पाहिजे. आजपासून रोज दहा उठाबशा. आज चार झाल्या. उरलेल्या सहा उद्याच्या दहात मिळवायच्या.

२२ डिसेंबर, शुक्रवार
सोळा. उद्या.

२३ डिसेंबर, शनिवार
ऐन लढाईच्या आदल्या दिवशी अंग दमवू नये.

२४ डिसेंबर, रविवार
पडून लिहितो आहे.
सकाळी सव्वाआठ. देसांका टेबलाशी घेवडे निवडत होती. चष्मा पडल्याचं निमित्त करून खाली शिरलो. (चष्मा डोळ्यांवरच होता. तिच्या लक्षात आलं नाही.) गाऊनच्या पट्ट्याने घोटे बांधले. पायही कसे अगदी जवळजवळ ठेवले होते तिने! नशीब लागतं. गाठ मारली, ओढली, आणि कंबरेत कट्कन झालं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. देसांका बांधल्या पायांनी उड्या मारत कपाटापर्यंत गेली, उड्या मारत मलम घेऊन आली. टेबलाखाली वाकून म्हणाली, "बोल राडिसाव, माझ्या सुटकेसाठी काय देऊ?"
वाक्य पाठ होतं. बारा दिवस घोकलं होतं. पण कळ अशी आली की तोंडातून निघालं, "वर उचल!"
तिने उचललं. आणि म्हणाली, "मागितलंस ते दिलं. सोड आता पाय."
नियम म्हणजे नियम.

२८ डिसेंबर, गुरुवार
बसता येतं. रविवारी ओत्सी, बापांचा रविवार. ती डाव साधणार. मला बांधायचं आणि जायची परवानगी उकळायची, हा तिचा बेत असणार. दोन पाय एका जागी म्हणून ठेवायचे नाहीत.

३१ डिसेंबर, रविवार
नाश्ता उभ्याने. जेवण उभ्याने. दोन वाजता सोफ्यावर पाचच मिनिटं टेकलो. सव्वातीनला जाग आली तर पाय तिच्या लाल स्कार्फने बांधलेले. गाठ साधी, एका हिसक्यात सुटेल अशी. पण मी नियम पाळणारा माणूस. देसांका समोर संत्रं सोलत होती. परवानगी मागितलीच नाही. म्हणाली, "एकच मागणं. खरं सांग, मी गेल्यावर तुला करमेल?"
"मस्त करमेल," मी म्हटलं.
"मग बस तसाच." गेली स्वयंपाकघरात.

३.५०. अजून बांधलेला. हरत नाही.

४.१५. संत्र्याचा वास येतो आहे. दिलं नाही.

५.००. झालं ते लिहून टाकतो. साडेचारला दार वाजलं, पावलं ऐकू आली. वाटलं, तीच आली. डोळे मिटून, एका दमात ओरडलो, "नको ना जाऊस! तुझ्याशिवाय मला करमत नाही!"
डोळे उघडले. दारात ग्वोझदेन, आमचं पातेलं परत द्यायला आलेला. तो म्हणाला, "अरे, पण मी कुठे चाललोय?"
त्याच्यामागे देसांका. भिंतीला धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग खाली बसून तिने स्वतः गाठ सोडली, माझ्या टकलावर ओठ टेकले. "एकतीस वर्षांत हे एकदा ऐकायचं होतं रे," म्हणाली.
मी विचारलं, म्हणजे राहणार ना?
"छे! मंगळवारची बस आहे. नऊ चाळीसची."

२ जानेवारी, मंगळवार
९.४०. बस सुटली. मी खंबीरपणे हात हलवला. स्टँड घरासमोरच, दोन मिनिटांत परत. शांतता. आता घर माझं.

९.५२. फोन केला. केवळ खिडकीची जागा मिळाली का, एवढंच विचारायला. देसांका म्हणाली, बस अजून रेल्वे फाटकाशीच खोळंबली आहे, तिथून आपली बाल्कनी दिसते, आणि या थंडीत मी बिनस्वेटरचा तिथे काय करतोय. आत जा म्हणाली.
आत गेलो.